देवाचा वाटा, राजाचा वाटा आणि कुणब्याचे खळे

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, हे जिल्ह्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. स्मरणिकांतून आणि सत्कारसमारंभांतून त्या वैभवाचा उच्चार वारंवार होतो. गतवैभवाचा अभिमान बाळगण्यास कोणाचीच हरकत असू नये. परंतु या अभिमानाच्या पोटात एक गृहीतक लपलेले असते. पूर्वी राजे धर्मशील होते, ते देवाब्राह्मणांस मुक्तहस्ते देत होते, देवाच्या धनास राज्याचा स्पर्श नव्हता आणि म्हणून रयत सुखी होती. देवाच्या पेटीवर सत्तेची नजर पडली ती अलीकडे, निवडणुकांच्या काळात, असे ते गृहीतक आहे. ते सोयीचे आहे, पण खरे नाही. देवधर्माच्या नावाने खळ्यावरून उचललेला वाटा प्रत्येक राजवटीत राज्याच्या जमाखर्चाचाच एक रकाना होता. या विधानाचा पहिला पुरावा खुद्द वाशिमने दिला आहे, आणि तो तांब्यावर कोरलेला आहे.

सवलतींची यादी की जुलमांची?

१९३९ साली वाशिम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संपादनामुळे तो अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. राजाच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र आहे. वंशावळ संस्कृतात आहे, तर व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. कारण व्यवहार ज्यांच्याशी होता त्यांना तो समजणे आवश्यक होते. नंदिकट, म्हणजे आजचे नांदेड, त्याच्या उत्तरेकडील भागातील आकासपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचे त्यात नमूद आहे.

गौरवगीते गाणारे येथेच थांबतात. पुढील मजकूर मात्र ते वाचत नाहीत. पुढे सवलतींची लांबलचक यादी आहे. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावातील फुले आणि दूध घेतले जाणार नाही. पाळीपाळीने बैल पुरवण्याची सक्ती राहणार नाही. सोन्याची आणि धान्याची भेट मागितली जाणार नाही. मिठासाठी जमीन खणली जाणार नाही. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांस कातडी आणि कोळसा द्यावा लागणार नाही, त्यांच्या मुक्कामासाठी खाटा गोळा केल्या जाणार नाहीत.

ही यादी उलट वाचली पाहिजे. एका गावास जे माफ झाले ते शेजारच्या प्रत्येक गावास भरावे लागत होते, एवढाच तिचा सरळ अर्थ. गाईचे दूध, अंगणातील फूल, गोठ्यातील बैल, ओसरीवरची खाट यांपैकी काहीही कुणब्याचे स्वतःचे नव्हते. याच राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत ‘विष्टी’ या शब्दाचाही उल्लेख येतो. मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम म्हणजे विष्टी. मराठीतील ‘वेठ’ हा शब्द तिचाच वंशज आहे. राजवटी बदलल्या, राजभाषा बदलल्या. हा शब्द मात्र कुणब्याच्या तोंडून सुटला नाही, कारण वस्तूच त्याच्या पाठीवरून उतरली नव्हती.

आणि ज्या गावास सवलत मिळाली त्या गावाचा कुणबी तरी सुटला काय? दानपत्राने तो मुक्त झाला नाही. त्याचा धनी बदलला, इतकेच. पूर्वी जो भाग राजाच्या कोठारात जात होता तो आता दान घेणाऱ्याच्या कोठारात जाऊ लागला. नांगर तोच, खळे तेच. दान राजाच्या नावे कोरले गेले, पण ते दिले नांगरामागे चालणाऱ्याने. आणि त्याचे नाव कोणत्याही ताम्रपटावर नाही.

दानाच्या अटी

राजाने हे सर्व निव्वळ पुण्याच्या लोभाने केले, असे मानणाऱ्यांनी अचलपूरजवळील चम्मक येथे सापडलेला प्रवरसेनाचा ताम्रपट पाहावा. राज्यवर्ष १८वे. ८,००० निवर्तने जमीन आणि दान घेणारे १,००० ब्राह्मण. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान अबाधित राहील, असे अभिवचन त्यात आहे. परंतु लगेच अटीही आहेत. या मंडळींनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, राजाला विष घालू नये, युद्ध करू नये, इतर गावांस उपद्रव देऊ नये. यांपैकी काही केल्यास राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही.

चंद्रसूर्यांच्या साक्षीने दिलेल्या दानास राजनिष्ठेची अट असते, तेव्हा ते दान राहत नाही. तो करार होतो. राजा महसुलाचा एक भाग सोडतो आणि त्याच्या बदल्यात निष्ठा, आशीर्वाद आणि शांतता विकत घेतो. किंमत देतो कुणबी, मालाचा ताबा घेतो राजा. आजच्या भाषेत या व्यवहारास राजकोषीय धोरण असे भारदस्त नाव देता येईल.

स्पेनच्या राजाचे नववे हिस्से

हा सामाईक हिशोब भारताचीच खोड आहे, असा गैरसमज होऊ नये. त्याचे सर्वांत उघडे, कागदोपत्री रूप स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत दिसते. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चचा. परंतु १५०१ साली पोप सहावा अलेक्झांडर याने वसाहतींतील हा दशमांश स्पेनच्या राजसत्तेलाच बहाल केला. त्या बदल्यात राजाने तेथे चर्चची स्थापना करावी आणि धर्मगुरूंचा योगक्षेम चालवावा, असे ठरले. पुढे राजाने हा दशमांश चर्चला परत दिला, पण आपला हात त्यात ठेवून.

वाटणी अशी होती. एकूण दशमांशाचा चौथा भाग बिशपचा आणि चौथा भाग मुख्य चर्चच्या धर्ममंडळाचा. उरलेल्या अर्ध्याचे नऊ भाग करावयाचे. त्यांतील चार स्थानिक धर्मगुरूंचे, तीन चर्चच्या इमारतीसाठी आणि रुग्णालयासाठी, आणि दोन थेट राजाचे. म्हणजे देवाच्या नावाने गोळा झालेल्या प्रत्येक नऊ पोत्यांतील एक पोते राजवाड्याच्या वाटेस लागत होते. वसुलीचा मक्ता अनेक ठिकाणी लिलावाने दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम भरी आणि मग शेतावर जाऊन ती नफ्यासह वसूल करी. मूळ रहिवाशांना त्यांच्या पारंपरिक पिकांवर बहुधा सूट होती. पण गहू, रेशीम, गुरेढोरे अशा स्पेनहून आलेल्या मालावर त्यांच्याकडूनही दशमांश घेतला जाई.

राजाची गरज वाढली तेव्हा या भागीदारीचे खरे स्वरूप आणखी उघड झाले. युरोपातील युद्धांनी कर्जबाजारी झालेल्या स्पेनच्या राजसत्तेने १८०४ च्या अखेरीस फर्मान काढले: वसाहतींतील धार्मिक निधींनी शेतमालकांस आणि व्यापाऱ्यांस दिलेली कर्जे वसूल करावीत आणि ती रक्कम राजाच्या खजिन्यात भरावी. मेक्सिकोत त्यामुळे हाहाकार उडाला. सहा वर्षांनी, १८१० साली, तेथे स्वातंत्र्याचा उठाव झाला आणि त्याचा पुढारी मिगेल इदाल्गो हा एका खेड्यातील धर्मगुरू होता. दशमांशाची कायदेशीर सक्ती मेक्सिकोत १८३३ साली संपली. देवाच्या पेटीची किल्ली राजाकडे असली, की संकटकाळी राजा प्रथम तीच पेटी उघडतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

मराठी वाचकास याचे उदाहरण गोव्यातही सापडेल. पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडली. आणि १५४१ साली गावकऱ्यांना एकत्र बोलावून त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्यासाठी लावून घेतले. त्या उत्पन्नावर पुढे सेंट पॉल महाविद्यालयासारख्या संस्था पोसल्या गेल्या. देव बदलला, पुजारी बदलले. जमीन तीच राहिली, ती कसणाराही तोच राहिला आणि वाटाही पूर्वीसारखाच उचलला गेला. धर्मांतराची चर्चा चार शतके रंगली. या खळ्याची चर्चा क्वचितच झाली.

सरदेशमुखीपासून पंचवीस लाखांपर्यंत

दहावा हिस्सा हा शब्द वऱ्हाडास परका नाही. १७१९ साली मोगल बादशहाच्या सनदांनी मराठ्यांस दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीचे हक्क मिळाले. वऱ्हाड हा त्यांपैकी एक सुभा. सरदेशमुखी म्हणजे दहावा भाग. पुढे वऱ्हाडात एकीकडे निजाम आणि दुसरीकडे नागपूरकर भोसले, असा दुहेरी अंमल चालला. कुणब्याच्या खळ्यावर दोन सरकारे उभी राहिली, आणि त्यांच्या मागे गावचे वतनदार आपापल्या हक्काची सुपे घेऊन.

याच काळात, १७७९ साली, साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी वाशिमचे बालाजी मंदिर उभारले. मंदिर देखणे आहे, त्यातील कारागिरी नावाजण्याजोगी आहे. परंतु दिवाणाच्या हाती जो पैसा खेळतो तो महसुलाचा असतो, आणि महसूल जमिनीतून येतो. दगड घडवणाऱ्या पाथरवटाचे आणि ज्वारी पिकवणाऱ्या कुणब्याचे त्या मंदिरावरील ऋण अद्याप कोणी मोजलेले नाही. देवळाच्या दारी नाव कोरण्याचा मान मिळतो तो वसुली करणाऱ्यास, भरणा करणाऱ्यास नव्हे. ही परंपरा वाकाटकांपासून अखंड चालत आलेली आहे.

इंग्रजांनी देवाचे नाव मधून काढून टाकले आणि हिशोब अधिक कोरडा केला. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड लावून घेतले ते हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी. १९०२ साली तोच प्रांत वार्षिक २५ लाख रुपये खंडाने कायमचा घेतला. एका राजाने दुसऱ्या सत्तेला प्रांत पट्ट्याने द्यावा, जसे एखाद्या सावकाराने वावर बटाईने द्यावे! त्या वावरात माणसे राहतात, याची दखल कराराच्या कोणत्याही कलमात नव्हती. महात्मा फुले यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा सरकारी करांचा आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या लुटीचा विचार त्यांनी एकत्र केला, तो या कारणाने. शेतकऱ्यास बाहेरून दोन दिसणारे हात एकाच देहाचे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

स्वराज्यातील दोन नवमांश

स्वराज्य आले, जमीनसुधारणेचे कायदे झाले. १९५८ साली विदर्भासाठी कुळकायदा झाला आणि कसणाऱ्यास मालकी देण्याचे तत्त्व मान्य झाले. परंतु सार्वजनिक देवस्थानांच्या जमिनींना, उत्पन्न त्याच कामी खर्च होते या अटीवर, कायद्याच्या मुख्य तरतुदींतून वगळण्यात आले. सावकाराचे कूळ मालक होऊ शकले. देवाचे कूळ मात्र पिढ्यानपिढ्या कूळच राहिले. बालाजी, महादेव, मारुती हे सातबाऱ्यावरील खातेदार झाले. त्यांच्या नावाने खंड घेणारे हात मात्र हाडामांसाचे आहेत. विंध्यशक्तीच्या ताम्रपटातील सवलत चंद्रसूर्यांच्या साक्षीने आजही चालू आहे, आणि ती चालू ठेवणारा राजा नव्हे, लोकांनी निवडलेले विधिमंडळ आहे.

पंढरपूरचे उदाहरण सर्वश्रुत आहे. विठ्ठलासमोर वारकऱ्याने ठेवलेल्या दक्षिणेवर बडव्यांचा वंशपरंपरागत हक्क चाले, आणि तो हक्क लिलावाने विकला जाई. मेक्सिकोतील दशमांशाचा मक्तेदार आणि चंद्रभागेकाठचा लिलावदार यांची गाठ कधी पडली नाही, पण दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी. ही पद्धत संपवणारा कायदा १९७३ साली झाला. त्यास न्यायालयात आव्हान मिळाले आणि अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला तो २०१४ साली. एका न्याय्य कायद्यास पायरी चढण्यास चार दशके लागली.

यावर काही सज्जन म्हणतील, देवस्थाने सरकारच्या ताब्यात द्यावीत म्हणजे प्रश्न मिटेल. तो तसा मिटत नाही. २०१८ साली शिर्डी संस्थानाने निळवंडे प्रकल्पाच्या कालव्यांसाठी ५०० कोटी रुपये बिनव्याजी कर्ज देण्याचे ठरवले आणि राज्य सरकारने ते आनंदाने स्वीकारले. कालवा व्हावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. अकोले, संगमनेर, राहाता भागातील शेतकऱ्यांनी त्यासाठी दशकेच्या दशके वाट पाहिली. परंतु कालवा खणणे हे करातून चालणाऱ्या राज्याचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य भाविकाच्या दानपेटीवर सोपवले जाते तेव्हा दोन गोष्टी घडतात: अंदाजपत्रकातील अपयश झाकले जाते, आणि शेतकऱ्याचा हक्क हा देवाचा प्रसाद ठरतो. स्पेनच्या राजाचे दोन नवमांश याहून फार वेगळे नव्हते.

आता पुन्हा वाशिमकडे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान जिल्ह्यात आले. पोहरादेवी येथे त्यांनी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले आणि त्याच दिवशी वाशिम येथून किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता, सुमारे २०,००० कोटी रुपये, सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा झाल्याचे जाहीर झाले. दहा दिवसांनी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. देवदर्शन आणि दान एकाच व्यासपीठावर, एकाच दौऱ्यात. वत्सगुल्माच्या राजांस हा सोहळा ओळखीचा वाटला असता. त्यांच्या दानास राजनिष्ठेची अट लेखी होती. आता ती लेखी नसते.

या दानाचा हिशोब कोणत्याही खळ्यावर मांडता येतो. निधी वर्षाला ६,००० रुपये. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात विदर्भातील अनेक बाजारांत सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले. क्विंटलमागे ६०० रुपये कमी मिळाले, तर दहा क्विंटल विकणाऱ्या शेतकऱ्याचे ६,००० रुपये बाजारातच गेले. म्हणजे वर्षभराचा सन्मान एका फेरीत परत वसूल झाला. वर खतांवर, औषधांवर, अवजारांवर कर आहेच. बाजारात हिरावलेले खात्यात परत टाकावयाचे आणि त्यास सन्मान म्हणावयाचे, यात सन्मान कोणाचा होतो?

पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांच्या स्मृतीने पावन मानलेले. त्या श्रद्धेचा उपहास कोणी करू नये. परंतु या समाजाचा इतिहास स्मरावा. त्याने बैलांच्या पाठीवर धान्य वाहून बादशहांच्या फौजा पोसल्या. आणि बैलांच्या जागी आगगाडी आली तेव्हा इंग्रज सरकारने त्याच्यातील अनेकांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्याच समाजातील वसंतराव नाईक ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते, तरी वऱ्हाडातील तांड्यांतून आजही माणसे कामासाठी गाव सोडतात. वाशिम जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत २०१८ साली समाविष्ट झाला. ज्या तांड्याची नगारावादनाची परंपरा संग्रहालयात जतन होते, त्या तांड्यातील मुलाची शाळा सुगीच्या दिवसांत बुडू नये, हे कोणाच्या आराखड्यात आहे?

कार्यकर्त्यांचे काम

हा धर्मावर हल्ला आहे, अशी ओरड होईल. तिला उत्तर महाराष्ट्राच्याच परंपरेत आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. ते विठ्ठलाच्या विरुद्ध नव्हते, दाराशी उभ्या राहिलेल्या मालकीच्या विरुद्ध होते. वऱ्हाडच्या मातीतील गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभारल्या. स्वतःकडे ठेवले ते खराटा आणि गाडगे. भाविकाने दिलेला पैसा भाविकाच्या निवाऱ्यासाठी, आणि त्यातील स्वतःसाठी काही नाही, एवढी साधी त्यांची हिशोबाची वही होती. तिच्यात राजाचे दोन नवमांश नव्हते.

समाजवादी कार्यकर्त्याने म्हणून देवाशी भांडण मांडू नये, हिशोबाशी मांडावे. प्रत्येक तालुक्यात देवस्थानांच्या नावे असलेल्या जमिनींची, त्या प्रत्यक्ष कसणाऱ्यांची आणि ते देत असलेल्या खंडाची यादी सातबाऱ्यावरून तयार करावी. ज्यांच्या पिढ्या त्या जमिनीवर राबल्या त्यांना कुळकायद्याचे पूर्ण संरक्षण मिळावे, अशी मागणी विधिमंडळापर्यंत न्यावी. देवस्थानांचा जमाखर्च ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवला जावा, असा आग्रह धरावा. सरकारच्या अंदाजपत्रकात तीर्थक्षेत्राचा रकाना निराळा आणि दवाखान्याचा निराळा असावा, आणि पहिला भरण्यासाठी दुसरा रिकामा होऊ नये. आणि सर्वांत आधी, हमीभाव हा कायद्याने बांधलेला हक्क व्हावा; कारण ज्याला मालाची किंमत मिळते त्याला हप्त्याचा सन्मान लागत नाही.

सोळाशे वर्षांपूर्वी वत्सगुल्माच्या राजाने एका गावास लिहून दिले, की तुमचे दूध, तुमचे बैल, तुमच्या खाटा कोणी नेणार नाही. ते अभयपत्र दान घेणाऱ्यांच्या हाती पडले, कसणाऱ्यांच्या नव्हे. लोकशाहीत असे अभयपत्र कोणी राजा देत नसतो. ते कसणाऱ्यांनी संघटित होऊन स्वतः लिहावयाचे असते. त्यासाठी तांब्याचा पत्रा लागत नाही. सातबाऱ्याचा कागद पुरतो.